अमेरिकेतली कॉलेजं: पटसंख्या उतरली, छापील फी चढली, मग खरी फी कोण किती भरतंय?

सांजवारा :

इथल्या मराठी घरांत मूल दहावीत गेलं की कॉलेजच्या फीचा विषय निघतो आणि दोन वाक्यांत संपतो. "हल्ली ऐंशी-नव्वद हजार लागतात म्हणे" हे पहिलं, आणि "बघू, कर्ज काढू" हे दुसरं. आमच्या मंडळातल्या पालकांना फाफ्सा (केंद्र सरकारच्या मदतीसाठीचा अर्ज) आणि सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजं स्वतःची मदत ठरवायला मागतात तो अर्ज) भरायला मी मदत करते. ही दोन वाक्यं अर्धवट माहितीवर उभी आहेत, आणि त्यांच्या भरवशावर लोकांनी राहत्या घरावर दुसरं कर्ज काढलेलं मी पाहिलंय. म्हणून हा धागा. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी पटसंख्या, कारण फीचं कोडं तिच्याशिवाय सुटत नाही.

१९४० च्या सुमारास अख्ख्या देशात कॉलेजात जाणारे साधारण १५ लाख होते. १९४४ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारं जीआय बिल आलं आणि चित्र पालटलं. १९४७ मध्ये कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. पुढे १९६५ चा उच्च शिक्षण कायदा आणि १९७२ चं कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीचं अनुदान (१९८० पासून ज्याला आपण पेल ग्रँट म्हणतो) आलं. १९७९ पासून मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त झाली, ती आजतागायत. आकडे असे: १९७० मध्ये ८६ लाख, १९८० मध्ये १ कोटी २१ लाख, २००० मध्ये १ कोटी ५३ लाख, आणि २०१० मध्ये २ कोटी १० लाख.

तिथून उतार लागला. २०२१ पर्यंत आकडा १ कोटी ८७ लाखांवर आला. करोना हे एक कारण, पण घसरण त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. २०१० चं शिखरच मुळात मंदीने उभं केलं होतं. नोकऱ्या गेल्या की लोक शिकायला परततात आणि नोकऱ्या आल्या की कॉलेज सोडतात. कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांची स्थानिक सरकारी कॉलेजं) हे सगळ्यात ठळक दिसतं. शिवाय नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजांचा फुगा फुटला: २०१५ मध्ये कोरिंथियन बंद पडलं, २०१६ मध्ये आयटीटी टेक.

आणि पुढचा धक्का आता येतोय. अमेरिकेत २००७ साली विक्रमी ४३ लाखांच्या वर बाळं जन्मली. २००८ च्या मंदीत जन्मदर पडला तो पुन्हा वर आला नाही. त्या २००७ च्या पिढीला २०२५ मध्ये अठरा वर्षं पुरी झाली. म्हणजे हायस्कूल संपवणाऱ्या मुलांची संख्या साधारण ३९ लाखांवर टेकून आता घटत जाणार. कॉलेजवाले ज्याला 'डेमोग्राफिक क्लिफ' म्हणतात तो हाच कडा. ईशान्य आणि मिडवेस्टमध्ये तो जास्त जाणवेल, दक्षिणेत कमी.

आता फी. कॉलेज बोर्डाचे (एसएटी परीक्षा घेणारी संस्था) २०२४-२५ चे सरासरी छापील आकडे: सरकारी चार वर्षांचं कॉलेज, आपल्याच राज्यातलं, ११,६१० डॉलर. तेच परराज्यातल्या मुलाला ३०,७८०. खासगी, ना-नफा ४३,३५०. कम्युनिटी कॉलेज ४,०५०. ही नुसती ट्यूशन आणि फी. राहणं-जेवण वेगळं, आणि तेच अनेकदा ट्यूशनपेक्षा जास्त पडतं.

आता मला जे सांगायचंय ते हे. छापील फी आणि प्रत्यक्षात भरली जाणारी फी यांच्यात गेल्या वीस वर्षांत प्रचंड अंतर पडलंय. खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील ट्यूशनवर सरासरी निम्म्याहून अधिक सूट देतात. २०२३-२४ मध्ये ही सूट ५६ टक्क्यांवर होती. कॉलेज बोर्डाच्याच हिशेबाने, अनुदानं वजा जाता राज्यातल्या सरकारी कॉलेजात पहिल्या वर्षाचा पूर्णवेळ विद्यार्थी २०२४-२५ मध्ये सरासरी २,४८० डॉलर ट्यूशन भरत होता. महागाई धरून बघितलं तर २०१२-१३ मध्ये हाच आकडा चार हजारांच्या वर होता. म्हणजे तिथे खरी फी कमी झाली आहे!

तर ज्या आकड्याला घाबरून आपण रात्री जागतो तो फार थोडे लोक भरतात. आणि हायस्कूल संपवणारी मुलं घटत जाणार असताना, अगदी वरची पन्नासेक नावं सोडली तर, कॉलेजला आपल्या मुलाची गरज वाढत चालली आहे. हे ओळखून वागायला हवं. तुमचे अनुभव लिहा.


गिरीकंद :

धागा चांगला आहे, मेहनत दिसते. पण त्या २,४८० च्या आकड्यावर माझा आक्षेप आहे.

ती सरासरी आहे. त्या सरासरीत पेल ग्रँट मिळणारी मुलं आहेत, राज्य सरकारचं अनुदान मिळणारी आहेत. आपल्यातल्या बऱ्याच घरांत दोघंही नोकरीला, उत्पन्न दीड-दोन लाखांच्या पुढे. त्यांना यातला एक डॉलरही मिळत नाही. आमच्या मोठ्याच्या वेळी राज्यातल्याच सरकारी विद्यापीठात पूर्ण छापील फी भरली, वर राहणं-जेवण आणि इंजिनियरिंगचा वेगळा अधिभार. वर्षाला तीस हजारांच्या पुढेच गेलं. "खरी फी कमी झाली" हे वाक्य आमच्यासारख्यांना लागू नाही. उलट आम्ही पूर्ण भरतो म्हणून दुसऱ्याला सूट मिळते.

अशा घरांनी हे वाचून निवांत बसू नये एवढंच म्हणणं.


तिसरी_घंटा :

मी एका सरकारी विद्यापीठाच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते. नाव अर्थातच लिहीत नाही. गिरीकंद यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर आहे आणि सांजवारा यांचंही बरोबर आहे, कारण सूट दोन वेगळ्या तिजोऱ्यांतून येते.

एक, गरजेवर आधारित, म्हणजे नीड-बेस्ड एड. ही उत्पन्न आणि मालमत्ता बघून ठरते. दोन, मेरिट एड. नाव मेरिटचं असलं तरी तिचं काम बऱ्याच ठिकाणी विद्यार्थी खेचणं हे असतं. घरच्या उत्पन्नाशी तिचा संबंध नाही. ज्या मुलाचे गुण कॉलेजच्या सरासरीपेक्षा वर आहेत, ज्याचे आईवडील बाकीचे पैसे भरू शकतात, त्याला दहा-पंधरा-वीस हजार देऊन बोलावणं कॉलेजला परवडतं. खुर्ची रिकामी राहिली तर शून्य, आणि सूट देऊन भरली तर वीस-पंचवीस हजार. हिशेब सरळ आहे.

अडचण अशी की आपले पालक ज्या विद्यापीठांच्या मागे असतात, नेमकी तीच मेरिट एड देत नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, स्टॅनफर्ड इथे फक्त गरजेवर. राज्यांच्या बड्या सरकारी विद्यापीठांत लोकप्रिय शाखांना रांग लागलेली असते, तिथेही सूट तुटपुंजी. मग दोन-अडीच लाख उत्पन्नाचं घर मधल्या मधे सापडतं. यावर उपाय यादी बदलणं हाच आहे. यादीत मेरिट देणारी चार-पाच कॉलेजं हवीतच.

बघायचं कुठे? बहुतेक कॉलेजं 'कॉमन डेटा सेट' नावाची फाइल प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे शब्द टाकून शोधलं की मिळते. तिचा 'एच' विभाग उघडा. त्यात 'एच२ए' नावाचा तक्ता आहे: ज्यांना आर्थिक गरज नव्हती अशा किती विद्यार्थ्यांना कॉलेजने पैसे दिले आणि सरासरी किती दिले. पहिल्या वर्षाच्या पूर्णवेळ मुलांचा रकाना बघा. तिथे शून्य किंवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं असतील तर उत्पन्न जास्त असणाऱ्या घराने त्या कॉलेजकडून एका डॉलरची आशा धरू नये. आणि निम्म्या वर्गाला पंधरा-वीस हजार मिळालेले दिसले तर ते कॉलेज आपल्यासाठी आहे. माहितीपुस्तिकेतल्या हिरवळीच्या फोटोंपेक्षा हा एक तक्ता जास्त सांगून जातो.


आजोळ :

सांजवारा, फार दिवसांनी काही भरीव वाचलं.

मी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असिस्टंटशिपवर इथे आलो. आमच्या प्रयोगशाळेत काम करणारी इथली अंडरग्रॅज्युएट पोरं उन्हाळ्यात रस्त्याची कामं करायची, डबाबंदीच्या कारखान्यात जायची, आणि सप्टेंबरात स्वतःची फी स्वतः भरायची. त्यांचे आईवडील श्रीमंत नव्हते. तेव्हा सरकारी विद्यापीठाची सरासरी फी वर्षाला चारशे डॉलरच्या आसपास होती आणि किमान वेतन तासाला १.६० डॉलर. म्हणजे अडीचशे तास काम केलं की वर्षाची फी सुटली. उन्हाळ्याचे सहा-सात आठवडे.

आज तोच हिशेब करा. २०२४-२५ ची छापील फी ११,६१० भागिले ७.२५, म्हणजे २००९ पासून जिथल्या तिथे असलेलं केंद्राचं किमान वेतन. उत्तर येतं साधारण सोळाशे तास. आठवड्याला चाळीस तास धरले तर चाळीस आठवडे. मग पोराने शिकायचं कधी? "आम्ही नाही का काम करून शिकलो" असं माझ्या वयाची माणसं नातवंडांना सुनावतात तेव्हा मला राग येतो.

आणि हे आपोआप झालेलं नाही. १९६० च्या आराखड्यानुसार कॅलिफोर्निया आपल्या रहिवाशांकडून ट्यूशन घेत नव्हतं. न्यूयॉर्कचं सिटी विद्यापीठ १९७६ पर्यंत फुकट होतं. शहराची तिजोरी रिकामी झाली आणि फी लागली. कूपर युनियन १८५९ सालची संस्था, तिनेही २०१४ पासून ट्यूशन घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी आधी कुणीतरी मागे पाऊल घेतलं आणि मग बिल विद्यार्थ्याच्या हाती आलं.


गिरीकंद :

काका, मुद्दा मान्य. पण फक्त सरकारने हात आखडता घेतला एवढंच कारण आहे का? कॉलेजांनी स्वतः किती खर्च वाढवला तेही बोलायला हवं. क्लाइंबिंग वॉल, पंचतारांकित वसतिगृहं, प्रत्येक विभागाला उपाध्यक्ष, त्याच्या हाताखाली तीन सहायक. १९८७ मध्ये शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी हेच म्हटलं होतं की सरकार जेवढी मदत वाढवेल तेवढी कॉलेजं फी वाढवतील.


सांजवारा :

गिरीकंद, दोन्ही कारणं खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या कॉलेजांत वेगवेगळ्या प्रमाणात खरी आहेत. सरसकट एकच दोषी शोधायला गेलं की चर्चा भरकटते.

सरकारी कॉलेजांचं बघा. १९८० च्या सुमारास शिकवण्याच्या खर्चातला साधारण पाचवा हिस्सा विद्यार्थ्यांच्या फीतून यायचा आणि उरलेला बहुतेक राज्याकडून. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी पैसे कापले आणि तो हिस्सा निम्म्याच्या जवळ गेला. मंदीत महसूल आटतो, मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) आणि शाळा यांचा खर्च टाळता येत नाही, आणि कॉलेजांना मात्र फी वाढवायची सोय असते. म्हणून कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. त्यातही नेमकी तेव्हाच विद्यार्थ्यांची गर्दी झालेली असते. इथे बेनेट यांचं सूत्र फारसं चालत नाही.

नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजांना मात्र ते बरंच लागू पडलं. पदव्युत्तर आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांचंही तसंच म्हणता येईल, कारण २००६ पासून ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचं केंद्राचं कर्ज जवळपास हवं तेवढं मिळत होतं.

आणि तिसरं कारण फार कमी लोक बोलतात. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६० च्या दशकात नाटक-संगीताच्या खर्चाचा अभ्यास करताना ते मांडलं. कारखान्यात यंत्र आलं की एक माणूस दहा जणांचं काम करतो. वीस मुलांच्या वर्गाला शिकवायला मात्र आजही एक प्राध्यापक आणि एक तास लागतो. पण त्याचा पगार बाकीच्या शिकलेल्या माणसांच्या पगाराबरोबर वाढवावाच लागतो. म्हणून दवाखाना, शाळा, न्हावी, कॉलेज हे सगळं टीव्हीच्या किमतीच्या तुलनेत महागच होत जातं.

तरीही फी रोखता येते. परड्यू विद्यापीठाने २०१३ पासून ट्यूशन गोठवली. राज्यातल्या मुलाला ती दहा हजारांच्या आत, ९,९९२ वर राहिली आहे. त्यासाठी त्यांनी विद्यार्थीसंख्या वाढवली, परराज्यातली मुलंही जास्त घेतली. राहण्याच्या जागेचा ताण आला. फुकट काहीच होत नाही, पण होतं.


नवा_गडी :

वाचतोय. मुलगी अजून आठवीत आहे. एक बाळबोध प्रश्न. मुलं कमी होत चाललीत तर प्रवेश सोपे व्हायला हवेत ना? मग आजूबाजूला सगळे "पूर्वीपेक्षा कठीण झालंय" असंच का म्हणतात?


तिसरी_घंटा :

बाळबोध नाही, नेमका आहे. देशात मुलं घटली, पण प्रत्येक मूल अर्ज जास्त कॉलेजांत करायला लागलं. कॉमन अ‍ॅपवर हजाराहून जास्त कॉलेजं आहेत, एक फॉर्म भरला की तो वीस ठिकाणी जातो. नामांकित विद्यापीठांच्या जागा मात्र जवळपास तेवढ्याच. त्यामुळे तिथला प्रवेशाचा टक्का खाली खाली जातो आणि त्याच बातम्या आपल्यापर्यंत येतात.

दुसऱ्या टोकाला कॉलेजं बंद पडताहेत. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने ३१ मे २०२४ ला जाहीर केलं आणि ७ जूनला दारं लावली. एका आठवड्यात मुलं रस्त्यावर. ओकलंडचं मिल्स कॉलेज २०२२ मध्ये नॉर्थईस्टर्नमध्ये विलीन झालं. म्हणून मेरिट एडच्या मोहाने छोटं कॉलेज निवडताना त्याची पटसंख्या पाच-सहा वर्षांत किती घटली आणि ठेवी किती आहेत हेही बघा. साठ टक्के सूट देणारं कॉलेज उदार असेलच असं नाही, ते बुडायला आलेलंही असू शकतं.

मधल्या फळीत मोठा बदल झालाय तो परराज्याच्या मुलांबाबत. राज्याने पैसे कमी केल्यावर सरकारी विद्यापीठांनी परराज्यातली मुलं घ्यायला सुरुवात केली, कारण ती जास्त भरतात. अलाबामा विद्यापीठात निम्म्याहून जास्त मुलं बाहेरची आहेत. ती मेरिट देऊन बोलावली जातात आणि तरीही राज्यातल्या मुलापेक्षा जास्त देऊन जातात.


उंबरठा :

तुम्ही सगळे ग्रीन कार्ड किंवा सिटिझन धरून बोलताय. आमच्यासारख्यांचं काय? मी एच-१ या नोकरीच्या व्हिसावर, म्हणून मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे, पहिलीपासून इथेच शिकला, आता अकरावीत. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही कधीपासून उभे आहोत. फाफ्सा भरता येत नाही असं कळलं. शाळेच्या समुपदेशक बाईंना एच-४ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्यांनी "सगळे भरतात, तुम्हीही भरा" असं सांगितलं. मला काय करावं सुचत नाहीये. चांगले गुण आहेत त्याला.


सांजवारा :

उंबरठा, प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. आपल्याकडे ही घरं पुष्कळ आहेत आणि ती गप्प बसतात.

एच-४ वरच्या मुलाला केंद्राची कुठलीच मदत मिळत नाही. पेल नाही, केंद्राचं कर्ज नाही, वर्क-स्टडी (शिकताना करायचं केंद्राच्या मदतीचं काम) नाही. ग्रीन कार्ड आलं की त्या दिवसापासून पात्रता येते. पण तीन दारं उघडी असतात.

पहिलं, इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशाला लागते ती. ही राज्य ठरवतं. बऱ्याच राज्यांत एच-४ वरच्या मुलाला रहिवासी धरतात, कारण एच-१ आणि एच-४ वरच्या माणसाला इथे कायम राहण्याचा इरादा ठेवता येतो. पण नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून विद्यापीठाच्या 'रेसिडेन्सी' कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका.

दुसरं, मेरिट एड. ही कॉलेजच्या स्वतःच्या पैशातून येते, पुष्कळ ठिकाणी व्हिसा आड येत नाही. काही शिष्यवृत्त्यांच्या अटीत मात्र नागरिकत्व असतं, ते आधी वाचा.

तिसरं, काही श्रीमंत खासगी विद्यापीठं परदेशी मुलांनाही गरजेप्रमाणे पूर्ण मदत देतात आणि प्रवेश देताना ती गरज बघत नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी. प्रवेश अवघड, पण गुण चांगले असतील तर यादीत एखादं असू द्या.

आणि एक गोष्ट आत्ताच इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या. एकविसाव्या वर्षी मूल एच-४ मधून बाहेर पडतं. बरीच मुलं शिकता शिकता एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. तेव्हा इन-स्टेट फी टिकते की जाते हे राज्याप्रमाणे बदलतं. तिसऱ्या वर्षी अचानक फी दुप्पट-तिप्पट झालेलं घर मी पाहिलंय. आधी कळलं असतं तर त्यांनी कॉलेजच वेगळं निवडलं असतं.


आजोळ :

उंबरठा, मुलाला निर्धास्तपणे अर्ज करू द्या. आमच्या मंडळात एच-४ वरच्या दोन मुलांना मेरिटवर चांगली रक्कम मिळाली आहे. धीर सोडू नका.


तिसरी_घंटा :

मार्च-एप्रिलमध्ये ऑफर लेटरं येतात तेव्हा काय होतं ते सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

समजा एका खासगी कॉलेजचं पत्र आलं. एकूण खर्च ६२,०००. खाली ठळक अक्षरांत 'तुमचं अवॉर्ड':
कॉलेजची शिष्यवृत्ती २४,०००
वर्क-स्टडी २,५००
केंद्राचं विद्यार्थी कर्ज ५,५००
पॅरेंट प्लस ३०,०००
बेरीज ६२,०००. सगळ्यात खाली 'तुम्हाला भरायचे: शून्य'.

घरात पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात फुकट मिळाले ते २४ हजार. वर्क-स्टडी म्हणजे मुलाने काम करून मिळवायचे, तेही काम मिळालं तर. साडेपाच हजार मुलाचं कर्ज. आणि तीस हजार आईवडिलांचं कर्ज, २०२४-२५ मध्ये ९.०८ टक्के व्याजाचं, वर चार टक्क्यांहून जास्त शुल्क आधीच कापून. म्हणजे खरी किंमत ३८ हजार आहे, शून्य नाही. हे दरवर्षी, चार वर्षं.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये तपासलं तेव्हा अंदाजे ९१ टक्के कॉलेजं पत्रात खरी किंमत देतच नाहीत किंवा कमी दाखवतात असं आढळलं. आम्ही आमच्या पत्रातून पॅरेंट प्लसची ओळ काढून टाकावी म्हणून मी ऑफिसात भांडले आहे. शेवटी काढली.

पत्र हातात आलं की कर्ज आणि वर्क-स्टडीच्या ओळींवर काट मारा. एकूण खर्चातून फक्त शिष्यवृत्ती आणि अनुदान वजा करा. त्याच पद्धतीने सगळी पत्रं शेजारी शेजारी ठेवा. शिष्यवृत्ती चारही वर्षं आहे का, किती जीपीए राखावा लागतो, हे पण लिहून ठेवा.

आणि अपील करा. नोकरी गेली, आजारपण आलं, तर फाफ्सावरचं उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं असतं, ते आत्ताच्या परिस्थितीनुसार बदलून घेता येतं. कागद जोडा. दुसऱ्या तुल्यबळ कॉलेजने जास्त दिलं असेल तर तेही पत्र जोडा. आमच्याकडे अपील करणाऱ्यांत देशी आडनावं फार कमी दिसतात. लोकांना ते हात पसरल्यासारखं वाटतं. ती माझ्या टेबलावर रोज येणारी साधी कागदपत्रं आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही.


गिरीकंद :

हे फार उपयोगी. धाकटीच्या वेळी अर्ली डिसिजनने एका खासगी विद्यापीठात अर्ज करायचा विचार आहे. त्यात काही तोटा?


तिसरी_घंटा :

आहे. अर्ली डिसिजन बांधील असतं, म्हणजे लवकर अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाला की घ्यायचाच. मदत अपुरी पडली तर बाहेर पडता येतं, पण तुलना करायला दुसरं पत्र हातात नसतं. ज्याला ती फी झेपते त्याने जरूर करावं. ज्याला मेरिटची घासाघीस करायची आहे त्याने अर्ली अ‍ॅक्शन करावं, ते बांधील नसतं. अर्ज करण्याआधी त्या विद्यापीठाचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (आपल्या उत्पन्नावरून खर्चाचा अंदाज देणारं) चालवा. २०११ पासून प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर ते असणं कायद्याने बंधनकारक आहे. मात्र स्वतःचा धंदा किंवा भाड्याने दिलेलं घर असेल तर आकडा चुकू शकतो.

आणि दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर घराचा वाटा दोघांत विभागून धरायचा जुना हिशेब विसरा. २०२४-२५ पासून फाफ्साच्या सूत्रातली ती सवलत गेली. सीएसएस प्रोफाइल वापरणारी बरीच कॉलेजं अजून ती धरतात.


नवा_गडी :

नव्या कायद्याने पालकांच्या कर्जावर मर्यादा आली असं ऐकलं. खरं का?


सांजवारा :

खरं. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना पॅरेंट प्लस एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार एवढंच मिळेल. ग्रॅड प्लस नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद. पदव्युत्तरला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख, वैद्यकीय-कायदा अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख.

वर तिसरी_घंटा यांनी दाखवलेलं तीस हजारांच्या ओळीचं पत्र त्यामुळे आता तसं येणार नाही. पण खड्डा तेवढाच राहील, आणि तो भरायला खासगी बँका पुढे येतील. त्यांच्याकडे सरकारी कर्जाची संरक्षणं नसतात आणि बहुतेक ठिकाणी आईवडिलांची सही लागतेच. २०२० ते २०२३ केंद्राच्या कर्जाचे हप्ते थांबले तेव्हा खासगी कर्ज घेतलेल्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही, हे लक्षात असू द्या.

तुमची मुलगी आठवीत आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. ५२९ खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) उघडलं नसेल तर उघडा. आणि दहावी-अकरावीत यादी करायच्या आधी तिला आकडा सांगा: "आम्ही वर्षाला एवढे देऊ शकतो, त्यावर जाणार असेल तर सूट मिळवावी लागेल." एप्रिलमध्ये आवडत्या कॉलेजचं पत्र हातात असताना मुलाला नाही म्हणण्यापेक्षा हे बोलणं कितीतरी सोपं आहे.


आजोळ :

कम्युनिटी कॉलेजबद्दल कुणी बोललंच नाही. आपल्या लोकांत त्याचं नाव काढलं की चेहरे पडतात. कॅलिफोर्नियात एका युनिटला ४६ डॉलर. दोन वर्षं तिथे करून ठरावीक गुण राखले तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा कॅम्पसांत प्रवेशाची हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, पण डेव्हिस आणि अर्व्हाइन आहेत. पदवीवर शेवटच्या विद्यापीठाचंच नाव येतं. व्हर्जिनियातही अशी हमीची योजना आहे. माझी नात याच वाटेने गेली आणि कर्जाशिवाय बाहेर पडली.

आणि पश्चिमेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांनी 'वुई' (WUE, वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्सचेंज) नावाची अदलाबदल योजना बघावी. शेजारच्या राज्यातल्या सहभागी सरकारी कॉलेजात इन-स्टेटच्या दीडपटीपेक्षा जास्त ट्यूशन घेत नाहीत.


उंबरठा :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलाला शेजारी बसवून राज्यातल्या तीन विद्यापीठांच्या रेसिडेन्सी कार्यालयांना ईमेल लिहिल्या. एच२ए तक्ता पण शोधायला शिकलो. त्याच्या यादीतल्या दोन कॉलेजांत तिथे शून्य निघालं, ती त्याने स्वतःच खोडली. आमचं उत्पन्न फार नाही, पण फाफ्सा नसल्याने मेरिट हाच आधार आहे. उत्तरं आली की इथे राज्याच्या नावासकट लिहीन, म्हणजे पुढच्यांना शोधावं लागणार नाही.


गिरीकंद :

उंबरठा, जरूर लिहा. मी धाकटीसाठी चार खासगी कॉलेजांची कॅल्क्युलेटरं चालवली. दोन ठिकाणी आमच्या उत्पन्नावर शून्य मदत, एका ठिकाणी १८ हजार मेरिट, एका ठिकाणी २६ हजार. शेवटचं राज्यातल्या सरकारी विद्यापीठापेक्षा वर्षाला सात-आठ हजारांनीच महाग पडतंय. सरासरीवरचा माझा आक्षेप कायम आहे. पण ते चौथं कॉलेज बघायला पुढच्या महिन्यात जातोय. सांजवारा, त्या कॉलेजची पटसंख्या पाच वर्षांत किती घटली ते कुठल्या तक्त्यात मिळेल?


सांजवारा :

त्याच कॉमन डेटा सेटच्या 'बी' विभागात, पहिलाच तक्ता. दरवर्षीची फाइल वेगळी असते, पाच वर्षांच्या उघडून पहिल्या वर्षाच्या मुलांचा आकडा एकाखाली एक लिहा. तिथेच खाली सहा वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही आहे, तेही बघून ठेवा. पाचवं वर्ष लागलं तर २६ हजारांची शिष्यवृत्ती बहुतेक ठिकाणी चौथ्याच वर्षी संपलेली असते.